मथुरेला विहिरीत कोणी ढकललं?

जव्हारच्या पाचबत्तीपासून खाली उतरणाऱ्या गल्लीत प्रतिभाताई ठोसर राहतात. वय सत्तरीला टेकलेलं, केस पांढरेशुभ्र, पण आवाज अजून खणखणीत. त्यांना ओळखणारी माणसं दोन तऱ्हांनी ओळखतात. गावातली जुनी मंडळी म्हणतात, "दामोदर ठोसरांची मुलगी. नाशिकला दिली होती, परत आली." आणि तिकडे मोखाड्याच्या डोंगरातल्या बाया म्हणतात, "गोष्टीच्या बाई." पहिली ओळख प्रतिभाताईंना कित्येक वर्षं टोचत राहिली. दुसरीनं ती बोच कशी काढली, त्याची ही हकिकत.

दामोदर ठोसरांचं वह्या-पेन्सिलींचं आणि पूजेच्या सामानाचं दुकान होतं. उदबत्त्या, कापूर बांधून द्यायला रद्दी लागायची, आणि ती रद्दी गावातल्या घराघरांतून यायची. संस्थानच्या नोकरीत हयात घालवलेले एक म्हातारे कारकून वारले तेव्हा त्यांच्या मुलांनी माळ्यावरचा सगळा कागद दुकानात आणून टाकला. त्यात एका जुन्या मासिकाचे बांधीव अंक होते. तेव्हाच जवळजवळ शंभर वर्षं जुने. पहिली पानं कसरीनं खाल्लेली, त्यामुळे मासिकाचं नाव काय, कोण काढत होतं, काही कळायला मार्ग नव्हता. प्रतिभा तेव्हा शाळेत होती. तिनं कापराच्या पुड्यांमधून ते अंक वाचवले ते केवळ चित्रांसाठी. चित्रं फारशी नव्हतीच. गोष्टी मात्र होत्या.

दुपारी दुकान बंद असे. वडील आत पडलेले असत आणि आई, शांताबाई, पडवीत सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसत. प्रतिभा त्यांना वाचून दाखवी. त्या गोष्टींतल्या बायका नऊवारी नेसत, चुलीपुढे रडत, सासूला भीत. पण प्रत्येक गोष्टीत एक जागा अशी येई की तिथे एखादी बाई एकदाच, अगदी एकदाच, मान वर करून बोले. एकीनं चोरून अक्षरं गिरवली आणि पकडली गेल्यावर पाटी द्यायला नकार दिला. एकीनं न्हाव्यापुढे बसायचं नाकारलं. आणि मथुरा नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीनं तर पन्नाशीच्या बिजवराशी लग्न लागताना, अंतरपाट धरलेला असताना, भर मांडवात "मला नको" असं मोठ्यानं म्हटलं.

त्या शब्दांशी शांताबाईंचे हात सुपात थांबत. डोळे चमकत.

"म्हणाली? मोठ्यानं म्हणाली?"

"हो आई. इथं लिहिलंय. 'मंडपांत एकच हाहाकार उडाला.'"

"बरं झालं. उडू दे."

पण त्यापुढे गोष्ट काही धड जात नसे. पुढच्या दोन पानांत मथुरेला ताप येई, बापाची अब्रू जाई, गाव थुंके आणि शेवटी ती परसातल्या विहिरीत उडी घेई. 'वाचकहो, त्या अभागिनीस्तव दोन आंसवें ढाळा,' असं सांगून लेखक मोकळा होई. शांताबाई खरंच आसवं ढाळत. एकदा, दोनदा, चारदा. मग त्यांनी आपला एक नियम केला. विहीर जवळ आली की त्या हात वर करत.

"पुरे. पुढचं नको वाचूस. आज इथंच राहू दे तिला."

मथुरा कितीतरी दुपारी त्या मांडवात तशीच उभी राहिली. प्रतिभाताईंना आज आई आठवते ती बहुतेक वेळा तशीच: सूप मांडीवर, हात वर, आणि बाहेर गल्लीत भरदुपारची सामसूम.

प्रतिभा शिकली. नाशिकला राहून बी.ए. झाली, एम.ए.ला नाव घातलं आणि प्रबंधिकेला विषय घेतला त्या जुन्या गोष्टींमधल्या बायकांचा. त्याच सुमारास स्थळ आलं, नाशिकचंच. मुलगा सरकारी नोकरीत, घर स्वतःचं, माणसं शिकलेली. "एम.ए. पुरं करू द्या की, आमची ना नाही," असं मुलाकडच्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. दामोदरपंत खूश झाले. लग्न झालं.

नाशिकच्या त्या घरात तिला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. सांगायला काही नव्हतं, हीच तर पंचाईत होती. परीक्षा आधी एका वर्षानं पुढे गेली, मग दुसऱ्या, मग तिचं नावच निघेनासं झालं. मूल होत नव्हतं. प्रतिभाला या डॉक्टरकडे ने, त्या डॉक्टरकडे ने, असं चाललं होतं. नवऱ्यानंही तपासून घ्यावं असं एका डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, तर त्या डॉक्टरीणबाई बदलल्या.

आणि मग एके दिवशी सकाळी सासूबाईंनी तिला जवळ बसवून, पाठीवरून हात फिरवत सांगितलं, "आमच्या नात्यातली एक गरीबाघरची मुलगी आहे. तिला आणू. तू थोरली, ती धाकटी. बहिणीबहिणींसारख्या राहा. तूच बघायला चल म्हणजे तुझाही मान राहील."

प्रतिभाला वाटलं, आपण ऐकलंय ते चुकीचं. ही गोष्ट तिनं वाचली होती! त्या जुन्या अंकांतली, सवत पसंत करायला स्वतः जाणारी एक बाई, तिच्या सोशिकपणाचे लेखकानं गायलेले गोडवे, सगळं तिला पाठ होतं. त्यावर तिनं चार पानं लिहिलीही होती, 'एकोणिसाव्या शतकातील स्त्रीची कुचंबणा' अशा भारदस्त मथळ्याखाली. आणि इथं १९८३ सालच्या नाशकात, ओट्यावर गॅस आणि कोपऱ्यात टीव्ही असलेल्या घरात, तीच गोष्ट तिच्यासमोर चहा पीत बसली होती.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो वर्तमानपत्र वाचत होता. पान उलटलं नव्हतं.

"तुमचं काय म्हणणं आहे?"

"आई म्हणते त्यात तुझंही वाईट नाही," तो म्हणाला.

"मला हे चालणार नाही."

"मग काय करणार आहेस?" त्यानं विचारलं. रागानं नव्हे. खरोखरच त्याला कल्पना करता येत नव्हती.

त्र्यंबकमार्गे जव्हारला येणाऱ्या एस.टी.त ती बसली तेव्हा तिच्याजवळ कपड्यांची एक पिशवी आणि त्या अंकांची पेटी होती. तोरंगणचा घाट उतरताना तिला उलटी झाली. मोखाड्याला एका अनोळखी बाईनं तिला खिडकीची जागा दिली. घरी पोचली तेव्हा आई दारातच होती. पिशवी पाहिली, पेटी पाहिली, मुलीचा चेहरा पाहिला.

"आलीस? हातपाय धू. पान घेते."

एवढंच. जन्मभर शांताबाईंनी त्याच्या पलीकडे एक शब्द विचारला नाही. विचारत राहिले ते दामोदरपंत. समजावून सांग, मी येतो बरोबर, चार शहाणी माणसं मध्ये घालू. तिकडून बातमी आली की धाकटीला देवळात माळ घालून घरात आणलंसुद्धा, तेव्हा ते गप्प झाले. पण ते गप्प राहणं मुलीच्या बाजूचं नव्हतं. दुकानात कोणी "प्रतिभा माहेरपणाला का?" असं विचारलं की ते उदबत्त्यांच्या खोक्यांत काहीतरी शोधू लागत. चार वर्षांनी शांताबाई गेल्या. भाऊ नोकरीनिमित्त ठाण्याला होता. मग त्या घरात बाप आणि लेक दोघं जेवत, भांडी वाजत, आणि बोलणं भाजीत मीठ आहे की नाही इतपतच.

नव्वदीच्या आगेमागे गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले. शिकवणारी माणसं हवी होती. जव्हारातल्या शिकलेल्या मुलींना घरचे डोंगरात पाठवायला तयार नव्हते. प्रतिभाला कोणी अडवण्यासारखं उरलं नव्हतं. तिला मोखाडा तालुक्यातलं पोशेरा मिळालं. सकाळच्या एस.टी.नं जायचं, पुढे पायी, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. भातकापणी, झोडणी आटोपली की बाया दुपारी शाळेच्या पडवीत जमत. कुणाच्या ओटीत नाचणीची भाकरी, कुणाच्या कडेवर पोर. 'क' कमळाचा आणि 'ब' बदकाचा. कमळही कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं आणि बदकही. थोड्या वेळानं डोळे मिटू लागत. पहाटेपासून राबलेल्या बाया त्या.

एक दिवस प्रतिभानं फळा पुसला आणि म्हणाली, "आज अक्षरं नाहीत. आज गोष्ट."

तिच्याजवळ दुसऱ्या गोष्टी नव्हत्याच. तिनं मथुरेची सांगितली. जड शब्द सोपे करत, मध्येमध्ये पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं वाचत. बाया सावरून बसल्या. मांडवातलं "मला नको" आलं तेव्हा पडवीत कोणी हसलं, कोणी टाळी दिली. प्रतिभाचा हात क्षणभर थांबला. आता थांब म्हणणारं मात्र कोणी नव्हतं. ती पुढे वाचत गेली. ताप आला, अब्रू गेली, विहीर आली.

प्रतिभाला वाटलं, आता बाया डोळे पुसतील.

रखमी पुढे सरकली. पन्नाशीची, काटक, हातभर हिरव्या बांगड्या. तिला अक्षरं काही केल्या येत नसत आणि त्याचं तिला काही वाटतही नसे.

"बाई, ती बावडीत कशाला पडली?"

"आता काय सांगायचं? गाव नावं ठेवायला लागलं, बापाची अब्रू गेली..."

"त्ये ऐकलं मी. गाव तर बोलतंच. पन पोरगी मांडवात उभी राहून बोलली ना? एवढे मान्सांत? मंग तिला भ्या कशाचं? अशी पोरगी बावडीत पडल कं?"

"नाय पडायची," मागून रुपी म्हणाली. रुपीला दुसरं मूल नुकतंच झालं होतं. ती पाजता पाजता बोलत होती. "ती मामाकडं गेली असती."

"नायतर दुसरा नवरा केला असता," आणखी कोणी म्हणालं. "मोठी झाल्यावर, मनासारखा."

"त्यांच्यात दुसरा नवरा करत नसत," प्रतिभानं सांगितलं.

"काय सांगता!" रखमी खरोखर चकित झाली. "माझा पहिला दारू पिऊन मारायचा. मी उठली, आयशीकडं आली. मंग हा केला. पंच बसले, बोलले, जेवले, गेले. तुमच्या मोठ्या घरांत ह्ये नाय?"

"नाही. निदान तेव्हा नव्हतं."

रखमी विचारात पडली. मग पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्ये लिहिलं कोनी? बाईनं कं बाप्यानं?"

"पुरुषानंच असणार. नाव फाटलंय."

"मंग सोपं हाय. ती पडली नाय. त्यानंच ढकलली तिला."

सगळी पडवी हसली. प्रतिभाही हसली, पण ते वाक्य तिच्याबरोबर एस.टी.त बसलं आणि जव्हारपर्यंत आलं. एम.ए.च्या टिपणांत तिनं समाज, रूढी, काळ, काय काय लिहिलं होतं. गोष्ट लिहिणाराच आपल्याच नायिकेच्या त्या एका शब्दाला घाबरला असेल, हे तिला कधी सुचलं नव्हतं. आई हात वर करायची तेव्हा आईला मात्र ते कळत असावं, असं तिला त्या दिवशी प्रथम वाटलं, आणि खिडकीकडे तोंड करून ती बराच वेळ रडली.

त्यानंतर वर्गाची रीतच बदलली. प्रतिभा गोष्ट वाचायची ती 'नाही'पर्यंत. पुढचं बायांनी सांगायचं. मथुरेची किती लग्नं त्या पडवीत लागली आणि किती मोडली, त्याला सुमार नाही. एकीनं तिला वऱ्हाडातल्याच एका तरण्या पोराबरोबर पाठवलं, एकीनं तिला भगत केलं, म्हणजे सगळं गाव तिच्याच पाया पडायला येतं. रुपी तर म्हणाली, तिला लग्नच नको, तिला शेरडं द्या आणि डोंगरावर राहू द्या. एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी होती, सकू. ती कधी बोलत नसे. फक्त ऐके, आणि घरी जाताना वाटेत प्रतिभाला विचारी, "बाई, मांडवात ती बोलली, तेव्हा तिचे पाय लटलट कापले असतील कं?"

"कापले असतील. पुस्तकात लिहिलेलं नाही."

"कापले असतील," सकू स्वतःशीच म्हणे.

अक्षरंही आली, हळूहळू. ज्या बायांना कमळाचा 'क' येत नव्हता त्यांना मथुरेचा 'म' आला.

दुसऱ्या हिवाळ्यात, अशाच एका दुपारी, शाळेसमोर एक जीप येऊन थांबली. आधी दामोदरपंत उतरले, मग नाशिककर. प्रतिभानं त्याला आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. कानशिलं पांढरी झाली होती, खांदे उतरले होते. पडवीपाशी येऊन तो उभा राहिला आणि इतक्या बाया पाहून बावचळला.

"जरा बाहेर येतेस? बोलायचं होतं."

"इथंच बोला. वर्ग चालू आहे."

त्यानं सासऱ्यांकडे पाहिलं. दामोदरपंत खाली बघत होते. मग त्यानंच सांगितलं. धाकटी राहिली नाही, तीही माहेरी गेली. मूलबाळ झालं नाहीच. आई अंथरुणाला खिळली आहे, सगळं जागच्या जागी करावं लागतं. झालं गेलं विसरून जावं. घर तुझंच आहे. तुझ्या वडिलांशी बोलणं झालंय, त्यांचंही तेच मत आहे.

आवाज मऊ होता. खोटाही नव्हता. प्रतिभाला त्याची कीव आली, आणि त्या कीवेचीच तिला भीती वाटली. कारण त्या जुन्या गोष्टींमधल्या बायका नेमक्या इथंच फसत. नवरा थकून, वाकून दारात येई आणि त्या पाय धुवायला पाणी घेऊन धावत. तिनं हातातला अंक मिटला.

रखमीनं खाली बसल्या बसल्याच विचारलं, "बाई, हा तुमचा नवरा कं?"

"होता."

"न्यायला आला?"

"हो."

"तुम्हाला जायचं हाय?"

प्रश्न साधाच होता. पण लग्न ठरताना तो कोणी विचारला नव्हता. परत आली तेव्हाही नाही. जा म्हणणारे होते, न बोलता घरात घेणारी एक आई होती, पण जायचंय का, असं कोणी विचारलं नव्हतं. तिनं पडवीकडे नजर फिरवली. रुपी पोर मांडीवर घेऊन बघत होती. सकू उठून उभी राहिली होती, का ते तिलाही कळलं नसावं.

"नाही," प्रतिभा म्हणाली. मग वळून नवऱ्याकडे बघत, सावकाश, "मला यायचं नाही. तुमच्या आईंना बरं वाटो. पण मी येणार नाही."

"मंग झालं," रखमी म्हणाली. "रुपे, पावन्यांना पानी दे. उन्हातून आलेत."

पाणी दिलं गेलं. रखमीनं गुळाचा कोरा चहाही केला. नाशिककरानं तो अर्धा प्यायला, पेला नीट खाली ठेवला. मग तो जीपकडे गेला. जाताना त्यानं वळून सासऱ्यांना हाक मारली. "चला ना."

दामोदरपंत पडवीच्या पायरीवर बसले होते. "तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "मी हिच्याबरोबर एस.टी.नं येतो."

बाप-लेक संध्याकाळच्या गाडीत शेजारीशेजारी बसले. बाहेर कापलेल्या खाचरांत धसकटं उभी होती, डोंगर निळे पडत चालले होते. मोखाडा मागे गेलं. मग दामोदरपंत खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "तुला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही."

"नाही बाबा."

"तुझी आई म्हणायची मला. मी म्हणायचो, मुलीला काय विचारायचं असतं, तिच्या भल्याचंच करतोय." ते थांबले. "त्या बाईचं नाव काय?"

"रखमी."

"चहा चांगला केला होता," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुकानात कोणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा आतल्या खोलीत प्रतिभानं स्वच्छ ऐकलं: "माहेरपणाला नाही. ती इथंच राहते. हे तिचंच घर आहे."

वर्षभरात कोर्टातनं रीतसर काडीमोड झाला. वडीलच तारखांना बरोबर येत.

सकूचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. तिच्या बापानं तिला वीटभट्टीवरच्या एका मुकादमाच्या घरी द्यायचं ठरवलं होतं. माणूस तिच्या दुप्पट वयाचा. सकूला साखरशेतचा हेमराज आवडत होता, हे गावात सगळ्यांना माहीत, फक्त बोलायचं कोणी नाही. एक दिवस सकू डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन निघाली ती घरी गेलीच नाही. साखरशेतला जाऊन हेमराजच्या आईच्या दारात मोळी टाकली आणि चुलीपाशी जाऊन बसली. मुलगी अशी येऊन बसली की ती त्या घरची सून, अशी त्यांच्यात रीत होती, अजूनही आहे. पण रीत असली म्हणून काळीज धडधडत नाही असं नाही. बाप कोयता घेऊन आला. पंच बसले. सकू चुलीपासून उठली नाही. पुढे प्रतिभाला भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, पाय लय कापत व्हते. मी बसूनच बोलली. म्हनून कुनाला दिसलं नाय."

सकूचा संसार काही गोष्टीतल्यासारखा गोड झाला नाही. हेमराज चांगला होता तेव्हा चांगला होता. दर साल पाऊस संपला की दोघं पोरांना घेऊन वसई-भिवंडीकडे कामाला जात. मध्ये त्यानं दारू धरली, तेव्हा सकूनं त्याला घराबाहेर काढलं. सोडली तेव्हा घरात घेतलं. एकदा प्रतिभानं विचारलं, "पस्तावलीस का गं?" तर सकू हसली. "पस्तावायला येळ कुटं व्हता? पन बाई, चूक केली आसल तर ती माझी मी केली."

साक्षरतेचे वर्ग पुढे बंद पडले. प्रतिभाला जव्हारच्या वाचनालयात नोकरी लागली. तिथे ती निवृत्त होईपर्यंत होती. शनिवारी दुपारी ती गावातल्या बायकांना जमवून त्याच गोष्टी वाचून दाखवी. मास्तरणी, कारकुनांच्या बायका, दुकानदारांच्या सुना. त्यांनाही तिनं शेवट सांगायला लावलं. त्या घाबरत घाबरत सांगत. मथुरेला वसतिगृहात घाला, नर्स करा, मग चांगलं स्थळ बघा. तिला घरी यायला उशीर होऊ देऊ नका. प्रतिभाला हसू येई आणि मायाही वाटे. पोशेऱ्याच्या पडवीतलं ते मोकळं हसणं मात्र तिथं कधी ऐकू आलं नाही. आजही दुपारी डोळा लागता लागता तिला तेच ऐकू येतं: बांगड्यांचा आवाज, मागे रडणारं एखादं पोर, आणि सगळ्या बाया एकदम बोलताहेत.

यंदा जानेवारीत भावाची मुलगी अवंती ठाण्याहून आली होती. ती कॉलेजात शिकवते. आत्याचे ते जुने अंक तिला कुठल्याशा संग्रहालयासाठी हवे होते. "जपून ठेवतील गं तिथे. कसर लागणार नाही." प्रतिभाताईंनी पेटी आनंदानं देऊन टाकली. अवंतीला आश्चर्य वाटलं.

"तुला वाईट नाही वाटत?"

"मला सगळ्या पाठ आहेत. आणि त्यातला निम्मा भाग आम्ही कधी वाचलाच नाही."

मग त्यांनी अवंतीला म्हटलं, गाडी आणलीच आहेस तर मला पोशेऱ्याला सोड. रखमी गेल्याचं त्यांना उशिरा कळलं होतं. दोन पावसाळे उलटून गेले होते. रखमीला किती बोलतं केलं, पण तिची स्वतःची हकिकत मात्र त्या एका वाक्यापलीकडे आपण कधी विचारली नाही, ही चुटपुट त्यांना लागली होती.

पोशेऱ्यात रस्ता झालाय, मोबाइलचा टॉवर झालाय, शाळेला पत्रे बदलून स्लॅब आलाय. रुपी दारात नाचणी पाखडत बसली होती. नजर कमी झाली होती, पण आवाजावरून ओळखलं. "बाई! गोष्टीच्या बाई!" तिनं हात धरला तो सोडलाच नाही. अवंतीला ठाण्याला वेळेत पोचायचं होतं. ती थोडा वेळ बसून निघाली. प्रतिभाताई म्हणाल्या, मी येते एस.टी.नं.

मग दुपार कशी गेली ते दोघींनाही कळलं नाही. कोण गेलं, कोण राहिलं, कुणाची पोरं कुठं. रखमी शेवटपर्यंत ताठ होती, मरायच्या आधी आठ दिवस मुलाला शिव्या घालून नवी कोंबडी आणायला लावली होती, हे ऐकून प्रतिभाताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. रुपीनं मग रखमीची ती हकिकत सांगितली. पहिल्या नवऱ्याकडून निघाली तेव्हा रखमीच्या अंगावर एकच लुगडं होतं, आणि वाटेत नदीला पहिल्याच पावसाचा पूर. तीन दिवस ती अलीकडच्या काठावर एका करवंदीच्या जाळीत बसून राहिली. पाणी उतरलं तशी उतरून गेली.

"तीन दिवस काय करत होती?" प्रतिभाताईंनी विचारलं.

"मी पन इचारलं व्हतं. बोलली, काय करनार? करवंदं खाल्ली. लय गोड व्हती म्हनं."

ही गोष्ट कुठल्याही मासिकात आली नव्हती. प्रतिभाताई ती मनात दोनदा घोळवत राहिल्या आणि त्या नादात संध्याकाळची एस.टी. चुकली.

"आता?" त्या म्हणाल्या.

"लाडक्या सोडंल," रुपी म्हणाली. लाडक्या म्हणजे तिचा जावई. तो कंपनीत कामाला जातो, बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरतो. त्यानं मोटारसायकल अंगणात आणली, सीट हातानं पुसली.

"आजी, बैठो. टेन्शन नाय घेयाचा. हळू नेतो."

प्रतिभाताई जन्मात कधी मोटारसायकलवर बसल्या नव्हत्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, चप्पल घट्ट केली, रुपीचा हात धरून पाय टाकून बसल्या. ऊन उतरलं होतं. वळणावर गार वारा लागला तसे त्यांचे केस सुटले आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लाडक्यानं मान वळवून विचारलं, "डर लागतो कं आजी?"

"लागतो," प्रतिभाताई वाऱ्यावर ओरडून म्हणाल्या. "पण तू जा. आणि फार हळू नको नेऊस."